निळा चिकू

वासुदेव चुरी सर एकतीस वर्षांच्या नोकरीत एकदाच खोटं बोलले आणि त्या खोट्याला तालुक्यात पहिलं बक्षीस मिळालं. एरवी माणूस खोटं बोलतो, पकडला जातो, चारचौघांत थोडी शोभा होते आणि मामला मिटतो. सरांच्या वाट्याला शाल, श्रीफळ आणि जाड कागदाचं प्रमाणपत्र आलं. डहाणू रोडच्या त्यांच्या घरात ते प्रमाणपत्र टीव्हीच्या बरोबर वर लागलं आणि सरांचं टीव्ही बघणं बंद झालं. बातम्यांसाठी मान वर केली की आधी प्रमाणपत्र दिसायचं.

सुरुवात परिपत्रकाने झाली. सरकारी नोकरीत सगळ्याची सुरुवात परिपत्रकानेच होते. शेवटही त्यानेच व्हायचा असतो, पण तो टपालात अडकतो. 'दृक्‌श्राव्य व संगणकीय शैक्षणिक साहित्य निर्मिती स्पर्धा' असं नाव होतं. प्रत्येक विज्ञान शिक्षकाने दहा मिनिटांची चित्रफीत करायची. तीत किमान एक प्रत्यक्ष प्रयोग, किमान एक अ‍ॅनिमेशन आणि 'स्थानिक परिसराशी नाते' असायला हवं. विषय चिठ्ठ्या टाकून ठरले. कुणाला चुंबक आलं, कुणाला भिंग, एकाला तर बेडकाचं जीवनचक्र. सरांना आले हॅलोजन. म्हणजे फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन आणि आयोडीन. त्यातलं पहिलं तालुक्यात कुणी पाहिलेलं नाही, दुसरं नाकात गेलं तर चित्रफीत अर्धवट राहते, तिसरं मिळत नाही आणि राहिलं ते चौथं.

सरांना नकार देता आला असता. पण तालुक्याच्या विषयतज्ज्ञ नीलम मॅडम फोनवर म्हणाल्या की तुम्ही सीनियर आहात, तुम्हाला काय अवघड. हे वाक्य ऐकून नकार दिलेला शिक्षक अजून जन्माला यायचा आहे. त्यातून सर गेली एकतीस वर्षं तलासरीच्या आश्रमशाळेत सांगत आले होते की शिकवायला खडू, फळा आणि आवाज पुरतो, बाकी सगळा सिनेमा. आता नाही म्हटलं तर लोक म्हणाले असते, जमत नव्हतं म्हणून बोलत होते.

शाळेत हॅलोजनवरचं दृक्‌श्राव्य साहित्य नव्हतंच असंही नाही. मागच्या एका योजनेत 'आभासी प्रयोगशाळा' नावाची सीडी आली होती. नव्या संगणकाला सीडी घालायची जागा नव्हती. जागा असलेला जुना संगणक प्रयोगशाळेचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून परिचर लाहूने दाराला टेकवून ठेवला होता. सरांनी दार आपटू दिलं, संगणक पुसला आणि चालू केला. पंधरा मिनिटांनी पडद्यावर पांढरा कोट घातलेली एक बाई आली. तिने हिंदीत स्वागत केलं आणि क्लोरिन तयार करायला सांगितलं. पदार्थ माउसने ओढून चंचुपात्रात टाकायचे. सरांनी परीक्षा घ्यावी म्हणून मुद्दाम नुसतं मीठ टाकलं. बाई म्हणाली, शाबाश. मग त्यांनी काहीच टाकलं नाही. बाई तरीही म्हणाली, शाबाश. सरांनी चिडून संगणक बंद केला. पुढे मात्र ही बाई त्यांना वारंवार आठवली.

मग आयोडीन. लाहूने कपाट उघडलं. आतलं फळकूट तपकिरी, बिजागऱ्या गंजून लाल आणि मधोमध सैल बुचाची बाटली, निर्मळ रिकामी.

"उडून गेला, सर," लाहू म्हणाला. सरांचा पाळलेला पोपट गेल्यासारखा त्याचा चेहरा होता.

आयोडीन घन अवस्थेतून थेट वायू होतं, हे सर दरवर्षी याच कपाटासमोर उभे राहून शिकवत. वर्गातल्या कुणी ऐकलं नसेल, बाटलीने ऐकलं होतं. सरांनी कार्यालयाकडे नवं आयोडीन मागितलं. उत्तर आलं की आमच्याकडच्या माहितीप्रमाणे आपल्या शाळेत आयोडीन आहे. सरांनी कळवलं, नाही. मग एक छापील नमुना आला. साहित्य नाहीसं होण्याची त्यात चार कारणं दिली होती: वापरले, फुटले, मुदत संपली, चोरीस गेले. 'हवेत गेले' असं कारण नव्हतं. सरांनी समासात तसं लिहिलं आणि खाली संप्लवनाची व्याख्याही दिली. आठ दिवसांनी कार्यालयातून फोन आला. चोरीस गेलं असेल तर पोलीस पाटलांचा दाखला जोडा, आणि हवेत गेलं असेल तर कुणाच्या परवानगीने गेलं ते कळवा.

शेवटी सरांनी स्टेशनजवळच्या नविनभाईंच्या मेडिकलमधून जखमेवर लावायचं तपकिरी औषध आणलं. त्यात आयोडीन असतं आणि ते घ्यायला नमुना भरावा लागत नाही.

चित्रफीत करायची ती सरांच्या खालच्या मजल्यावरच्या विपुलकडे, हे सरांच्या बायकोने, सुधाताईंनी ठरवलं. विपुलचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता आणि त्याच्याकडे सॉफ्टवेअर होतं. "सर, तुम्ही फक्त बोलायचा," विपुल आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला. "बाकी बधा सॉफ्टवेअर बघून घेणार." बातमी इमारतीत पसरायला वरची टाकी भरण्याइतकाही वेळ लागला नाही. मग जिन्यात सल्ले सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या भारतीवहिनींनी सरांना केसांना काळं करायला सुचवलं. रेल्वेतून निवृत्त झालेले दर्शनकाका म्हणाले की काहीतरी फुटल्याशिवाय लोक विज्ञान बघत नाहीत. सरांनी त्यांना समजावलं की हा शैक्षणिक विषय आहे. काका म्हणाले, मग निदान धूर तरी.

अ‍ॅनिमेशनमध्ये सोडियमने आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरिनला द्यायचा होता. विपुलच्या सॉफ्टवेअरमध्ये देण्याघेण्याचे सगळे साचे लग्नाचे होते. त्यामुळे डावीकडून सोडियम आलं, उजवीकडून क्लोरिन, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, मागे सनई वाजली आणि सोनेरी अक्षरांत 'सोडियम वेड्स क्लोरिन' असं उमटलं. एका घटकातून दुसऱ्या घटकात जाताना पडदा बदामाच्या आकारात उघडायचा. सरांनी बदाम काढायला सांगितला. विपुलने प्रामाणिकपणे प्रयत्न केला, पण बदाम गेला की त्याच्या जागी दोन राजहंस येत होते. सरांनी बदामच ठेवला.

क्लोरिनसाठी त्यांनी विहिरीत टाकायची टीसीएल पावडर आणली होती. रंगीत चिंधी तिच्या पाण्यात बुडवून पांढरी करून दाखवायची. चिंधीने बराच वेळ रंग सोडला नाही म्हणून सरांनी भांडं जरा जोरात हलवलं. क्लोरिनने आपलं काम चोख केलं, फक्त जागा चुकली. विपुलच्या स्टुडिओतल्या मरून मखमली पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचं एक नक्षत्र उमटलं. त्या पडद्यासमोर पंचक्रोशीतल्या निम्म्या नवऱ्यामुलींचे फोटो निघाले होते.  विपुलने नुसता पडद्याला हात लावून पाहिला, आणि ते सरांना बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आता राहिलं स्थानिक परिसराशी नाते. इथे नातं शब्दशः होतं. सुधाताईंचं माहेर घोलवडचं, भावाची चिकूची वाडी. आयोडीनने पिष्टमय पदार्थ ओळखायची कसोटी सगळं जग बटाट्यावर करतं. सरांनी ठरवलं, आपण चिकूवर करायची. बटाटा काय, कुठलाही असतो. त्यांनी सुधाताईंना आठ चांगले पिकलेले, दिसायला देखणे चिकू निवडून द्यायला सांगितले आणि त्यांनी दिले.

सरांनी कॅमेऱ्यासमोर चिकू कापला. आवाज खर्जात नेला. औषधाचा थेंब टाकला.

चिकू तपकिरी, औषध तपकिरी. थेंब पडला आणि दिसेनासा झाला.

"सर, टाकला का?" विपुलने कॅमेऱ्यामागून विचारलं.

सरांनी दुसरा चिकू कापला. मग तिसरा. आठवा कापून होईपर्यंत टेबलावर चिकूच्या सोळा फोडी बसल्या होत्या आणि त्यांतली एकही निळी व्हायला तयार नव्हती. चार वाजता विपुलला उंबरगावला संगीताच्या कार्यक्रमाला पोचायचं होतं. दिवे काढायला माणूस दारात उभा होता. चित्रफीत त्याच दिवशी पाठवायची होती. विपुलने हळूच विचारलं, निळा रंग मी सॉफ्टवेअरमध्ये भरू का, कुणाला कळणार नाही.

सरांना ते पटलं नाही. संगणकाच्या साहाय्याने मुलांची फसवणूक करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि करंगळीने टिळा लावावा इतक्या हलकेपणाने शाईचा एक थेंब चिकूवर सोडला.

चिकू सुंदर निळा झाला. "पाहिलंत, मुलांनो," सर म्हणाले, "आपल्या परिसरातल्या चिकूमध्येही पिष्टमय पदार्थ असतात." बदाम मिटला. सनई वाजली.

घरी उरलेल्या फोडींचा डबा उघडून सुधाताईंनी त्या निळ्या फोडीकडे पाहिलं. हे काय केलंत, असं त्यांनी विचारलं आणि सरांनी सांगितलं. बायकोपासून लपवण्याचं सामर्थ्य असतं तर ते शिक्षक कशाला झाले असते.

"पिकल्या चिकूत पीठ कुठून राहील?" सुधाताई म्हणाल्या. "पिकला म्हणजे त्याची साखर झाली."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आठ पिकलेले निवडून दे म्हणालात. कशाला ते विचारायचं मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सोडलं."

फळ पिकताना त्यातल्या पिष्टाची साखर होते, हे सर स्वतः आठवीला शिकवत. पण तो धडा जीवशास्त्राचा होता आणि इथे रसायनशास्त्र चाललं होतं. दोन धड्यांमध्ये सुट्टी असते, त्यामुळे ते एकमेकांना भेटत नाहीत.

चित्रफीत परत मागवावी असं त्यांच्या मनात दोन दिवस होतं. तिसऱ्या दिवशी मुदत संपल्याचं कळलं आणि सरांना आधी हायसं वाटलं, मग हायसं वाटल्याची लाज वाटली. ती लाज मग कायमची मुक्कामाला आली. परीक्षकांनी पाच पानी अहवालात 'सोडियम वेड्स क्लोरिन'ला नवोपक्रम म्हटलं आणि चिकूच्या प्रयोगाला 'स्थानिक परिसराशी असलेल्या नात्याचा वस्तुपाठ'. पहिलं बक्षीस. डहाणू आणि तलासरीच्या सगळ्या शाळांना चित्रफीत दाखवणं सक्तीचं झालं. सरांच्या शाळेत लाहूने ती मोठ्या टीव्हीवर लावली तेव्हा सर व्हरांड्यात उभे राहून समोरच्या मैदानातल्या बकऱ्या मोजत होते. आतून सनई ऐकू आली, मग मुलांचा मोठा 'ओऽऽ' ऐकू आला. सरांना कळलं, चिकू निळा झाला.

नववीतली शुक्री सायवनकडच्या एका पाड्यावरची. शाळेच्या वसतिगृहात राहायची. फार बोलत नसे, पण ऐकलेलं करून बघायची तिला खोड होती. शिक्षकाच्या आयुष्यात अशी मुलं क्वचित येतात आणि सरांच्या आयुष्यात ती नेमकी याच वर्षी आली. चौथ्या दिवशी ती प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"सर, माझा चिकू निळा नाय होत."

प्रथमोपचाराच्या पेटीतलं औषध तिने लाहूकडून मागून घेतलं होतं. सरांनी चष्मा पुसला. चिकू कुठला, असं विचारलं. सायवनच्या बाजारातला, ती म्हणाली. सर म्हणाले, बाजारातल्या चिकूचं काही सांगता येत नाही, मी घोलवडचा घेतला होता. सुरुवातीला म्हटलं होतं की सर एकदाच खोटं बोलले. ते मोजणं इथे थांबवलेलं बरं.

पुढच्या सोमवारी ती घोलवडचे सहा चिकू घेऊन आली. तिचा मामा तिथे चिकू भरायच्या कामाला जायचा. सहाही कापून झाले होते. एकही निळा नव्हता. सर म्हणाले, औषध जुनं असेल. तिने आरोग्यसेविकेकडून नवीन बाटली आणली. सर म्हणाले, थेंब जास्त पडला असेल. मग ती म्हणाली की कमी टाकूनही बघितला. त्यावर सर म्हणाले, अभ्यास कर, दहावी जवळ आली. ती नववीत होती. तिने मान हलवली आणि गेली. त्या संध्याकाळी सर डहाणूच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर जागा असताना मागे उकिडवे बसून आले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दिवाळीत शुक्री घरी गेली. तिची आई रखमी कुडाची भिंत लिंपून त्यावर चित्रं काढायला तांदूळ वाटून बसली होती. चित्र काढून झालं, वाटीत थोडं पीठ उरलं. शुक्रीने त्यात थेंब टाकला. वाटी शाईसारखी निळी झाली नाही. ती काळपट निळी, जवळजवळ काळीच झाली, पाऊस भरून आलेल्या आभाळासारखी. रखमीने पीठ नासवलं म्हणून चार शब्द सुनावले. शुक्रीने वाटी उचलून दारात उजेडात नेली आणि बराच वेळ बघत बसली. औषध बरोबर होतं. हात बरोबर होता. राहिला चिकू. सरांवर शंका घ्यावी हे तिच्या डोक्यातही आलं नाही. तिने मनाशी ठरवून टाकलं की सरांचा चिकू वेगळा असणार.

डिसेंबरात तलासरीला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन भरलं. उत्तम ठरेल तो प्रयोग जिल्ह्याला जाणार होता. सर बक्षीसपात्र असल्यामुळे त्यांच्या छातीवर 'सन्माननीय परीक्षक' असा बिल्ला लागला. मुख्य परीक्षक जिल्ह्याहून आले होते. नीलम मॅडम माइक घेऊन सोबत फिरत होत्या. सभागृहाच्या भिंतींवर खास प्रदर्शनासाठी वारली चित्रं काढून घेतली होती आणि उद्घाटनाच्या भाषणात ती पारंपरिक पद्धतीने, तांदळाच्या पिठाने काढल्याचा दोनदा उल्लेख झाला होता.

शुक्रीचं टेबल शेवटून दुसरं होतं. पुठ्ठ्यावर तिने लिहिलं होतं: 'कशात पीठ आहे, कशात नाही.' खाली तक्ता होता. भात, आहे. बटाटा, आहे. कच्चं केळं, आहे. आईचं चित्राचं पीठ, आहे. साखर, नाही. मग दोन ओळी अशा:

चिकू (सरांचा): आहे.
चिकू (माझे चौदा): नाही.

सरांनी ते वाचलं आणि त्यांना बिल्ला काढावासा वाटला, पण त्याची टाचणी आतून अडकली होती.

मुख्य परीक्षकांनीही वाचलं. ते हसले आणि सरांच्या पाठीवर थाप मारली. मग शुक्रीला म्हणाले की चिकूत पिष्ट असतं हे पडद्यावर सिद्ध झालेलं आहे, सगळ्या तालुक्याने पाहिलंय, तुझं निरीक्षण चुकलं. आणि लाल पेनने त्यांनी शेवटची ओळ खोडली. शेजारी लिहिलं, चूक. निरीक्षण चुकलेला प्रयोग जिल्ह्याला जात नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. नीलम मॅडमनी तेवढ्यात माइक सरांच्या हातात दिला. सन्माननीय परीक्षकांनी विद्यार्थिनीला मार्गदर्शनपर दोन शब्द बोलायचे होते.

शुक्रीने सरांकडे पाहिलं. तिच्या नजरेत तक्रार नव्हती. तक्रार असती तर सरांना बरं वाटलं असतं.

"सर," ती म्हणाली, "अजून चिकू आणू का?"

सरांना पांढऱ्या कोटातली ती बाई आठवली, काहीही न टाकता शाबाश म्हणणारी. त्यांनी माइककडे पाहिलं. तो चालू होता.

"ती शाई होती," सर म्हणाले.

ते वाक्य सभागृहात, मैदानात आणि रस्त्यापलीकडच्या वडापावच्या गाडीवर एकाच वेळी ऐकू आलं.

"कसली शाई?" परीक्षकांनी विचारलं.

"पेनची. चिकू निळा होत नव्हता म्हणून मी त्यावर शाई टाकली. पिकलेला होता, होणारच नव्हता. हिचे चौदाही बरोबर आहेत. हिने मला तीनदा विचारलं आणि मी तीनदा हिचंच चुकलं म्हणून सांगितलं."

 मग मागून टाळ्या सुरू झाल्या. माइकवरून कुणीही बोलायचं थांबलं की टाळ्या वाजवायची शिक्षकांना सवय असते. त्या टाळ्या वाढत गेल्या आणि सर त्यांच्यात उभे राहिले. एवढी लाज त्यांना शाई टाकतानाही वाटली नव्हती. नीलम मॅडमनी घाईने माइक घेतला आणि सांगितलं की एवढ्या ज्येष्ठ शिक्षकांचा हा विनय आपल्या सर्वांना अनुकरणीय आहे. सर म्हणाले, विनय नाही, शाई. पण माइक त्यांच्या हातात नव्हता.

मुख्य परीक्षकांची पंचाईत झाली होती. खोडलेली ओळ त्यांच्या अक्षरात होती. आपल्याला प्रयोगाची जाण आहे हे दाखवणं त्यांना भाग होतं. त्यांनी शुक्रीला जरबेने सांगितलं की आता सगळ्यांसमोर करून दाखव. तिने चिकूवर थेंब टाकला. काही झालं नाही. भातावर टाकला. काळानिळा. परीक्षकांना हुरूप आला.

"आता त्या भिंतीवर टाक," ते म्हणाले. "तांदळाचं पीठ आहे ते. बघा सगळे, कसं निळं होतं."

शुक्रीने भिंतीवरच्या तारप्याच्या नाचातल्या शेवटच्या माणसाच्या पायावर एक थेंब टाकला. सगळे वाट बघत राहिले. थेंब तपकिरी होता. तो तपकिरी ओघळ होऊन फरशीपर्यंत आला आणि तिथेही तपकिरीच राहिला. नीलम मॅडम पंख्याकडे बघू लागल्या. भिंत डब्यातल्या रंगाची होती. सरांना त्या भिंतीबद्दल एकदम आपुलकी वाटली. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना सोबत मिळाली होती.

शुक्रीने वही उघडली आणि तक्त्यात भर घातली: 'भिंत: नाही.'

तिचा प्रयोग जिल्ह्यासाठी निवडला गेला. लाल शाई पुसता येत नसल्यामुळे परीक्षकांनी खोडलेल्या ओळीखाली लिहिलं, 'वरील चूक ही चूक नाही,' आणि तारखेसह सही केली.

सोमवारी सर प्रमाणपत्र फ्रेममधून काढून, गुंडाळी करून तालुक्याच्या कार्यालयात घेऊन गेले. नीलम मॅडमनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं की बक्षीस परत घेण्याचा नमुनाच उपलब्ध नाही. देण्याचा आहे. चित्रफीतही आता काढता येणार नाही, ती वरून काढावी लागते, आणि वरचे विचारतील की चढवली कुणी. सरांनी चहा अर्धा ठेवला. गुंडाळी काखेत मारून ते शाळेत आले.

प्रयोगशाळेत शुक्री जिल्ह्याची तयारी करत होती. लाहू तिला एकेक वस्तू आणून देत होता आणि ती थेंब टाकत होती. खडू, नाही. साबण, नाही. लाहूच्या डब्यातली भाकरी, आहे. लाहूला भाकरी गेल्याचं वाईट वाटलं, पण विज्ञानापुढे तो काही बोलला नाही.

"सर," शुक्रीने विचारलं, "कागदात असतं?"

सरांच्या तोंडाशी उत्तर आलं. एकतीस वर्षं ते यायचंच. मग त्यांच्या लक्षात आलं की खरं म्हणजे त्यांना माहीत नाही.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. हे वाक्य त्या खोलीत पहिल्यांदाच बोललं गेलं. लाहूने वळून पाहिलं.

सरांनी काखेतली गुंडाळी टेबलावर पसरली आणि दोन कोपऱ्यांवर दोन चंचुपात्रं ठेवली. शुक्रीने वाचलं आणि ड्रॉपर मागे घेतला.

"टाक," सर म्हणाले. "जाड कागद आहे. बघू."

थेंब 'श्री. वासुदेव' या अक्षरांवर पडला. क्षणभर तपकिरी राहिला. मग कडेने काळानिळा होत गेला, आत आत, खऱ्या रंगाचा. सर्वांगाने खरा. शुक्रीने हसून सरांकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'प्रमाणपत्र: आहे.' सरांनी खाली सही केली.

ते प्रमाणपत्र पुन्हा टीव्हीच्या वर लागलं आहे. सुधाताईंनी पहिल्या दिवशी डाग कसला म्हणून विचारलं, सरांनी सांगितलं, त्या बरं म्हणाल्या. सर आता बातम्या बघतात. आयोडीन मात्र उडून जातं, त्याला परवानगी लागत नाही, त्यामुळे महिन्या-दीड महिन्याने डाग फिका पडतो आणि नाव पुन्हा स्वच्छ दिसायला लागतं. मग सर स्टुलावर चढतात, फ्रेम उतरवतात आणि नविनभाईंच्या बाटलीतला एक थेंब नव्याने टाकून परत टांगतात.